हाकेत आकडा नको

सकपाळ मॅडमचा फोन उचलायला जावं, तोवर तो बंद झालेला असायचा. उलट फोन करावा तर म्हणणार, "ये इकडं. बघ." काय झालंय, कुठं झालंय, एक अक्षर सांगतील तर शपथ! मी महाडच्या भर उन्हात चरफडत ऑफिस गाठायचो आणि बाई शांतपणे स्क्रीनकडे बोट दाखवायच्या.

मुंबईत वर्षानुवर्षं डेटाबेसची कामं करून त्या आपल्या गावी, दासगावला परतल्या होत्या. आमच्या छोट्या कंपनीकडे बाजारातल्या दुकानदारांचं काम आलं होतं. पोलादपूरकडची यंत्रं सावित्री नदीच्या पाण्याची पातळी मोजून डेटाबेसात टाकणार आणि ती वाढली की दुकानदारांच्या फोनवर निरोप जाणार. त्या दुकानदारांत माझे बाबाही होते. आधीच्या पुरात त्यांचा तांदूळ, साखर, सगळं चिखलात गेलं होतं. "परत असं झालं तर दुकान उघडायचा नाय," असं ते म्हणत. म्हणून मला घाई.

मी म्हटलं, सोपं आहे. आकडा आला की डेटाबेसनंच तिथल्या तिथं सगळ्यांना निरोप पाठवावा. मॅडम उखडल्या. "आणि टॉवर रखडला तर? निरोप पोचेपर्यंत हा आकडा ताटकळणार, मागचे त्याच्या पाठी दारात उभे. नदी थांबणार हाय का तुझ्यासाठी?"

त्यांचं म्हणणं असं, की डेटाबेसनं आकडा लिहून मोकळं व्हायचं आणि फक्त हाक मारायची, काहीतरी बदललंय म्हणून. ती हाक ऐकणारा प्रोग्रॅम वेगळा. त्यानं ताजा आकडा स्वतः जाऊन वाचायचा आणि मग दुकानदारांना कळवायचं. "हाकेत आकडा घालायचा नाय. आकडा शिळा होतो."

"आणि हाक मारली तेव्हा तो प्रोग्रॅमच बंद असला तर?"

"मग चालू झाल्या झाल्या पहिलं जाऊन बघायचं. पुढच्या हाकेची वाट बघत बसायचं नाय."

सगळं पटत होतं हो, पण बाईंचं समाधान होईल तेव्हा ना! आम्ही डबे उघडून बसलेलो असताना त्या चालू मशीनची वायर उपटायच्या, आणि "आता बघू काय करतो" म्हणून हाताची घडी घालून उभ्या. मालक कपाळाला हात लावायचे. पावसाळा तोंडावर आला तरी निरोप सुरू करायला मॅडमचा होकार नाही. बाबा रोज विचारायचे, "झालं काय रे तुझ्या बायचं?" या बाईपायी मला वेड लागायची पाळी आली होती.

शेवटी एकदाचं सुरू झालं. त्याच पावसाळ्यात, पाणी चढत असताना नेमकी आमच्या ऑफिसची लाइट गेली. डेटाबेस दुसरीकडे होता, तो आकडे लिहीत राहिला. ऐकणारा प्रोग्रॅम मात्र बंद. लाइट आल्यावर त्यानं मधले शिळे आकडे सोडून ताजा तेवढा वाचला आणि बाबांसकट सगळ्या दुकानदारांना एकच निरोप गेला. बाबांनी शेजाऱ्यांना घेऊन पोती माळ्यावर चढवली. दुकानात पाणी शिरलं, पण माल कोरडा राहिला.

पाणी ओसरल्यावर बाबा चिखलाच्या पायांनी आभार मानायला आले. मॅडम म्हणाल्या, "निरोप उशिरा गेला. लाइट नव्हती."

"अवो पन बाय, माल वाचला ना!"

"या वेळी वाचला."

आणि मला लगेच कामाला बसवलं. ऐकणारा आणखी एक प्रोग्रॅम पोलादपूरला ठेवायचा. इथला गप्प झाला तर तिथल्यानं कळवायचं. अशा बाईला नमस्कार करावा की भिंतीवर डोकं आपटावं!

पुढच्या पावसाळ्यात मॅडम गेल्या. आजार होता, कुणाला सांगितला नव्हता. एवढं काम केलं बरोबर, आणि हे नाही सांगितलं! त्याचा राग अजून गेलेला नाही माझा.

दासगावच्या विहारात पुण्यानुमोदनाला महाडचे दुकानदार आले होते. बाहेर पाऊस कोसळत होता. बाबा बोलायला उभे राहिले. "बायनी आमचा..." एवढंच म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला. मग शेजारच्याचा. मग विहारभर सगळ्यांचे. बाबांनी निरोप वाचला, मॅडमच्या फोटोला हात जोडले, माइक तसाच खाली ठेवला आणि "चला रे!" म्हणून ओरडले. आम्ही सगळे चपला शोधत धावत सुटलो.

बाबांचं भाषण राहिलं ते राहिलंच. पोती मात्र वेळेत माळ्यावर गेली.