फक्कीच्या रेघांचं घर

न बांधलेल्या घरात काकाजी जितके राहिले, तितकं बांधलेल्या घरातही कोणी राहिलं नसेल. अख्ख्या भंडारा जिल्ह्यात शोधा, दुसरा माणूस सापडायचा नाही. तुमसरला माझं घरांचे नकाशे काढायचं छोटंसं ऑफिस आहे. काकाजी माझ्या नात्यातले नव्हेत. चिखल्याच्या मँगनीज खाणीतून रिटायर झालेले, आंबागडला किल्ल्याच्या पायथ्याशी एक प्लॉट घेऊन ठेवलेले आणि दर मंगळवारी अकराच्या ठोक्याला माझा जिना चढणारे गिऱ्हाईक. अशा गिऱ्हाइकाला आमच्या धंद्यात डोक्याला ताप म्हणतात. मीही म्हणत होते. तोंडावर नाही, पण म्हणत होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या ऑफिसची लाज काढली. खाणीत त्यांचं काम छताला लाकडाचे टेकू द्यायचं. तिथे कुठेही बसण्याआधी वरचा दगड ठोकून त्याचा आवाज ऐकायची पद्धत असते, आणि ही सवय रिटायर झाली नव्हती. दारातून आत आले, छत्री उलटी धरली आणि मी हौसेनं करून घेतलेलं पीओपीचं छत त्या मुठीनं टक् टक् ठोकलं. "पोकळ हाये मॅडम," गंभीरपणे म्हणाले, "याच्याखाली बसू नका." मग खुर्ची ओढत नेऊन बीमच्या बरोब्बर खाली ठेवली आणि पुढची दीड वर्षं तिथेच बसले. माझं टेबल पलीकडे, त्यामुळे आमच्या सगळ्या चर्चा गावजेवणातल्यासारख्या ओरडून व्हायच्या.

"मॅडम, आमी जयभीमवाले. ते आग्नेय-फिग्नेय आमाले सांगू नका," हे त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की मी लगेच चहा सांगितला. वास्तूवाल्यांनी माझे अर्धे केस पांढरे केलेत हो! पण काकाजींचं खाणशास्त्र वास्तुशास्त्राच्या वरताण निघालं. खाणीत बाहेर पडायला दोन वाटा असाव्याच लागतात. तसं घरातल्या प्रत्येक खोलीला दोन दारं पाहिजेत. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. देवाशपथ सांगते, बाथरूमलासुद्धा! मी कपाळावर हात मारून घेतला. "काकाजी, सगळ्या भिंती दारांनीच खाल्ल्या, पलंग कुठे ठेवू?" तर म्हणाले, "पलंग सरकवता येते मॅडम. माणूस दबला का मंग नाही सरकवता येत." बाथरूमचं दार मात्र मी तीन मंगळवार भांडून एकावर आणलं.

आता इतके मंगळवार लागले कशाला, तेही सांगते. काकाजींची बायको कंपनीच्या क्वार्टरमध्येच वारली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि ते तुमसरात एका भाड्याच्या खोलीत राहायला आले. मुलगा पुण्याला. तो एकदा फोनवर म्हणाला होता, "बाबा, घर तर होऊ द्या, मंग आमी येतोच तिकडं राहायले." बस. या एका वाक्यावर अख्खं घर उभं राहायचं होतं. रविवारी मुलाचा फोन यायचा, सोमवारी काकाजी विचार करायचे आणि मंगळवारी नकाशा बदलायचा. सून घरून कॉम्प्युटरवर काम करते असं कळलं, तर तिची खोली स्वयंपाकघरापासून लांब गेली. "सुनबाई मीटिंगमधी बोलून राहिली अन् इकडं मिक्सर सुरू झाला, तर काय म्हनतील तिचे साहेब?" नातीनं नाच शिकायला घेतला, तर हॉल चार फूट वाढला. जिन्याच्या पायऱ्या तर त्यांना इतक्या बुटक्या हव्या होत्या की जिना वरच्या खोलीत पोचण्याआधी प्लॉट संपत होता. "लेकरू पडन न," म्हणाले. मी विचारलं, नात केवढी आहे? तर अकरा वर्षांची! शेवटची राहायला आली तेव्हा तीन वर्षांची होती, आणि काकाजींच्या नकाशात ती तेवढीच राहिली होती.

"आणि तुमची खोली, काकाजी?" असं मी दर वेळी विचारायची. "मी काय, कुठीबी राह्यतो," असं म्हणून ते छत्री उचलायचे.

नकाशा कागदावर पटला की काकाजी प्लॉटवर जाऊन चुन्याची फक्की मारून तो जसाच्या तसा जमिनीवर आखायचे. दरवेळी नवा. जुन्या रेघा झाडून काढायचे. एकदा मी बघायला गेले आणि सरळ चालत आत शिरले, तर केवढ्यानं ओरडले! "ओ मॅडम, भिंतीतून कुठी चालल्या? दारानं या न!" मी मुकाट्यानं मागे फिरले आणि दारानं आले. मग त्यांनी मला सगळं घर दाखवलं. सुनेच्या खोलीत शिरताना आवाज बारीक केला. जेवणाच्या जागी चटई टाकली आणि डबा उघडला. भात, वरण, लाखोरीची पालेभाजी, एका माणसापुरतं. "इथं सहा जन बसतीन," म्हणाले. आजूबाजूला गवत आणि दूर एक गाय. त्यातला घास त्यांनी मलाही दिला, पण त्याला काहीच चव लागली नाही, खरं सांगते.

त्या दिवसापासून मी मॅडमची बाई झाले, म्हणजे आमच्याकडे लेकीला म्हणतात ती बाई.

मग एका मंगळवारी काकाजी आले ते बीमखाली बसलेच नाहीत. छतही ठोकलं नाही. माझ्या टेबलासमोर उभं राहून म्हणाले, "पोरानं पुण्याले फ्लॅट घेतला बाई. चांगलंच केलं. नातीची शाळा हाये, सुनबाईचं काम हाये. इथं येऊन काय करतीन?" मी मुलाला चार शिव्या दिल्या, मनातल्या मनात. "आता एकाच मानसाचं काढा. एक खोली, चूल मांडायपुरती जागा. झालं."

एका खोलीचा नकाशा काढायला मला अर्धा तास लागला असता, पण मी आठवडा लावला. आणि एक लबाडी केली. खोलीला खिडकीच दिली नाही. म्हटलं, बघताक्षणी चिडतील, भांडतील, "काहून बाई, झोपेत काढला का?" म्हणतील आणि पुढचे दोन-चार मंगळवार तरी जिना चढतील. मंगळवारी काकाजींनी कागद हातात घेतला, चष्मा न लावताच पाहिला आणि पेन मागितलं.

"काकाजी, नीट बघा तरी! खिडकी नाही आहे त्याला."

"चालते," असं म्हणून त्यांनी सही केली. "सारी जिनगानी खालीच काढली, बाई. मले एकट्याले उजेड कायले पाह्यजे?"

दीड वर्ष मुलासाठी, सुनेसाठी, नातीसाठी त्यांनी माझा जीव खाल्ला. स्वतःच्या घरात त्यांना एकही बदल सुचला नाही. ते जिना उतरून गेले तेव्हा मला रडूच आलं, लपवत नाही. मग मी पुन्हा टेबलाशी बसले आणि त्यांना न विचारता रस्त्याच्या बाजूला एक मोठी खिडकी काढली.