ताईच्या घराची भिंत हलली तेव्हा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी प्रकाशा गावात आमच्या घरी भलताच गोंधळ झाला... आणि तो मी केला.

माझी मोठी ताई लग्न होऊन सौराष्ट्रात, अगदी समुद्राकाठी राहते. दाजी तिथल्या मिठागरात कामाला आहेत. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, लिंबाला झोका बांधून गाणी म्हणतात. यंदा मीठ काढायचा हंगाम जोरात, दाजींना सुट्टी नाही... ताई आली नाही.

मागे तिने एक फोटो पाठवला होता. भरतीचं पाणी कधीच पोहोचत नाही अशा उंच खडकावर शिंपले चिकटलेले. तिच्या शेजारचे मास्तर म्हणाले, समुद्र खाली गेलेला नाही, भूकंपांनी जमीनच वर उचलली... आणि जमिनीच्या हिशोबाने ही कालपरवाचीच गोष्ट.

झालं. माझं शिक्षण बारावीत अर्धवट सुटलेलं, पण तेव्हापासून मी भूकंपाबद्दल मिळेल ते वाचतो. पुन्हा कधी होईल ते कुणालाच सांगता येत नाही, एवढंच नक्की कळलं. मग ताईला रोज सूचना... कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं कर, पलंग खिडकीपासून लांब घे.

तर आखाजीला तिचा व्हिडिओ कॉल आला. माय खापरावर पुरणपोळी टाकत होती. बघतो तर ताईच्या मागची भिंत, खिडकी, कपाट... सगळं हेलकावे खातंय! आवाजही येईना.

“ताई, भाईर पय! आधी भाईर पय!” मी ओरडलो. मायच्या हातातली पोळी चुलीत पडली.

मग आवाज आला. ताई हसत होती.

“अरे येडा, भूकंप नही, झोका शे! आज आखाजी शे ना!”

छताच्या कडीला दोर बांधून ती घरातच झोका घेत होती... एकटीच.

“आग लागो तुन्हा भूकंपले,” म्हणत मायने फोन ओढून घेतला. आणि मग ताईकडे नुसती बघत राहिली.

हसणं थांबल्यावर ताईने विचारलं, “मन्हा झोका बांधा का रे, भाऊ?”

बांधला नव्हता. बसणार कोण होतं...

“कोनी नही बसनं तरी बांधी ठेव.”

संध्याकाळी लिंबाला दोर बांधला. गाठी पुन्हा पुन्हा ओढून पाहिल्या. जरा वारा सुटला, फांदी करकरली, तशी माय आतून म्हणाली, “कोन बसनं रे?”

कुणी नव्हतं. रिकामा झोका हलत होता.

त्या किनाऱ्याची जमीन शांत राहो... पुढच्या आखाजीपर्यंत. आणि त्यानंतरही.