सेन्सेईंची शिकारीची दुर्बीण
भिंगं पुसायच्या स्पिरिटचा वास आला, की मला जपानमधल्या सेंदाई शहरातलं दुर्बिणींचं ते दुकान आठवतं. आमच्या लॅबचे सेन्सेई, म्हणजे प्राध्यापक, सुट्टीत हरणांच्या शिकारीला जात. ट्रायपॉडवर लावायची दुर्बीण निवडायला त्यांनी मला सोबत नेलं, कारण भिंगं हा माझा अभ्यासाचा विषय. मी मात्र अंडंसुद्धा न खाणारा. समोर दोन दुर्बिणी होत्या, दहापट आणि अठरापट. कमी ताकदीची त्यांच्या गळ्यात मारावी, तेवढंच एखादं हरीण वाचेल, असं मी ठरवलं. ‘‘दहापट पुरे, सेन्सेई. चित्र उजळ दिसतं,’’ मी म्हणालो. ती डोळ्यांना लावून ते खिडकीतून लांबच्या टेकडीकडे बघत म्हणाले, ‘‘झाडीत हललं ते हरीण, की अळंबी शोधणारी एखादी आजी, हे यातून ओळखू येईल ना?’’ मी अठरापटीवर बोट ठेवलं. हिवाळ्यात त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक गार पुडकं दिलं. ‘‘दुर्बीण तुम्ही निवडलीत, म्हणजे शिकारीत वाटा तुमचाही. खात नसलात तरी घ्या.’’ मी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि वाकून आभार मानले. ते नक्की कशाचे, हे मला अजून कळलेलं नाही.