झुंबरबाईचं पथ्य

मच्छिंद्रच्या घरी पथ्य मोडणाऱ्याचं आधी हाड मोडायचं. हा कायदा त्याच्या बायकोचा, झुंबरबाईचा. अंबडच्या पुढं त्यांचं गाव, आणि गाव भलतंच मायाळू. कुणी आजारी पडलं की पिशवीभर मोसंबी घेऊन माणसं हजर. चारी बाजूंना मोसंबीच्याच बागा, तर दुसरं आणणार काय? अशा गावात २००२ साली मच्छिंद्रच्या दोन्ही किडन्या गेल्या.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी झुंबरबाई त्याला एसटीनं जालन्याला डायलिसिसला न्यायची. तिथं आहार सांगणाऱ्या उमाताईंनी तिला समोर बसवलं. "मावशी, किडनी बंद पडली की खाण्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही. फार साठलं तर हृदय थांबतं. मोसंबी, केळी, नारळपाणी, लोणचं बंद. भाजी चिरून भिजवायची, उकडायची आणि ते पाणी फेकून द्यायचं."

"आन् कुणी प्रेमानं दिलं तं?"

"कुणाला देऊ द्यायचं नाही."

उमाताई हे सहज बोलल्या. झुंबरबाईनं तो हुकूम धरला.

पहिल्याच आठवड्यात चुलत सासू गिरिजाबाई मोसंबी घेऊन आली. झुंबरबाईनं एकेक मोसंबी तिच्या पाठीवर नेम धरून परत केली. नवऱ्यालाही माफी नव्हती. त्यानं लोणच्याची फोड चाटली तर मनगटावर उलथनं बसलं. डायलिसिसच्या सुया टोचायचा हात सोडून दुसऱ्या हातावर. एवढं भान तिला रागातही होतं. मग त्याच मनगटाला हळद लावत ती रडत बसली.

खरी लढाई दिराशी होती. भुजंग तालमीतला गडी, पोटापाण्याला दिवसभर भाड्याची जीप चालवायचा. भाऊ वाळत चाललाय आणि वहिनी रोज भाजीचं पाणी मोरीत ओततेय, हे त्याला बघवेना.

"वहिनी, सगळं सत्त्व मोरीला, दादाला चोथा. उपाशी मारून राह्यल्या तुम्ही त्याला."

"अंड्याचं पांढरं देते ना रोज. ताकद त्याच्यात ऱ्हाती. तुम्ही तुमच्या दंडाचं बघा, भाऊजी."

मे महिन्यातल्या एका सोमवारी झुंबरबाई दळण आणायला गेली. भुजंगनं बारा मोसंब्या पिळल्या, वर दोन शहाळी फोडली. मच्छिंद्रला दिवसाचं पाणी मोजून तीन पेले, त्यात तो उन्हाळा. त्यानं रसाचा तांब्या संपेपर्यंत खाली ठेवलाच नाही. "भुजंग्या, जीव आला रे," तो म्हणाला.

गिरणीची लाईट गेली होती, म्हणून झुंबरबाईला दोन तास लागले. ती परतली तेव्हा मच्छिंद्रला पाय उचलता येत नव्हते, जीभ जड झाली होती आणि नाडी शोधावी लागत होती. शेजारी सालींचा ढीग. तिनं कोपऱ्यातलं मुसळ उचललं. पहिल्या फटक्यात भुजंगच्या उजव्या खांद्याचं हाड कटकन मोडलं, दुसऱ्यात भुवई फुटून रक्त सदऱ्यावर उतरलं. भुजंगनं हात उगारला नाही; वहिनीचा डाव कसा सोडवायचा हे कुठल्याच तालमीत शिकवत नाहीत. तिसरा फटका तिनं स्वतःच आवरला, कारण जीप चालवणारा घरात तो एकटाच होता.

"बसा गाडीवर. जल्दी."

"वहिनी, हात उचलंना."

"दुसरा हाय ना."

भुजंगनं डाव्या हातानं जीप हाणली. गिअर टाकताना स्टेअरिंग गुडघ्यानं धरायचा. मागं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन झुंबरबाई. वेग कमी झाला की भुजंगच्या पाठीत गुद्दा. जालना येईपर्यंत त्या पाठीचा पार पापड झाला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, मशीन लावली. "काय प्यायला दिलं यांना? हृदय थांबायच्या बेतात आहे."

"मोसंबी," भुजंग म्हणाला आणि फरशीवर बसून एवढा मोठा पैलवान हुंदके देऊन रडला.

चार तासांनी मच्छिंद्रनं स्वतःहून पाय हलवला. मग डॉक्टर भुजंगकडं वळले. "आणि हे काय? मारहाण असेल तर पोलिसांना कळवावं लागेल."

"दादा वाचला का?"

"वाचले."

"मंग ल्हिवा, जिन्यावरून पडलो."

"खोटं ल्हिऊ नका साहेब," झुंबरबाई म्हणाली. "आमचं घर पत्र्याचं, जिना न्हाई. मुसळानं मारलं, म्याच मारलं."

"मावशी, तुम्हाला पोलीस घेऊन गेले तर यांच्या भाजीचं पाणी कोण फेकणार?" डॉक्टर म्हणाले.

झुंबरबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. मग भुजंगकडं.

"जिन्यावरून पडले," ती म्हणाली. "दोन बार."