‘गाडी कोन चालवते?’ असं विचारणारे नसीरभाई

नसीरभाई मिस्त्रींची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांशी. बोरी अरबच्या बाजारालगत त्यांचं गॅरेज आहे. तिथं एका जीपखालून दोन पाय बाहेर आले होते. एकात चप्पल, दुसरीचा पत्ता नाही. माझी सून कल्पना गाडी घेऊन आली होती आणि मी तिच्या सोबतीला. आता पायांशी बोलायचं तरी कसं? तरी मी हात जोडले आणि म्हटलं, “मिस्त्री, आमची गाडी बंद पडून राह्यली.”

खालून आवाज आला, “कोन चालवते?”

“मी तं नाई चालवत बाप्पा!”

जीप हलली इतकं ते हसले. मग बाहेर आले. मेंदी लावलेली दाढी, कपाळावर ग्रीसचा टिळा. माझ्याकडे न पाहता त्यांनी कल्पनाला विचारलं, “ताई, तुमी सांगा. कवा बंद पडते?”

आज त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात मोठमोठी माणसं लिहीत आहेत. मला अक्षर येत नाही, म्हणून मी सांगते आहे आणि लिहिणारी लिहिते आहे. पण एक गोष्ट मी ठामपणे सांगू शकते. मिस्त्री पुष्कळ असतात. ते बॉनेट उघडतात. नसीरभाई आधी चालवणाऱ्याला विचारतात, मग बॉनेटला हात लावतात.

ती कापसानं दगा दिलेली वर्षं होती. बोंडात अळी, बाजारात भाव नाही. कल्पनानं ठरवलं की कापसाच्या भरवशावर बसायचं नाही. एक जुनी, पेट्रोलची, मोठी गाडी घेतली आणि गावच्या पोरींना दारव्ह्याच्या शाळेत नेऊ-आणू लागली. एसटी यायची तेव्हा शाळा भरून गेलेली असायची, म्हणून आठवीनंतर पोरी घरीच बसत. कल्पनाची गाडी सुरू झाली आणि त्या पुन्हा दप्तर घेऊन उभ्या राहिल्या. पण गाडीला एक खोड होती. सरळ रस्त्यानं वाऱ्यासारखी जायची, हळू वळवायला गेलं की जागीच बंद. आणि वळण कुठं? तर नेमकं आमच्या चौकात, पानठेल्यासमोर, जिथं गावातले सगळे रिकामे हुशार बसलेले असतात!

“बाईमाणसाच्या हातानं गाडी चालते का वं?” हे रोजचं झालं.

नसीरभाईंचे गुण सांगायला बसले आहे, पण त्यांची पहिली दुरुस्ती फसली हेही सांगितलंच पाहिजे, नाहीतर ते स्वतःच म्हणतील, “माय, एवढी झूठ!” त्यांनी इंजिनाचा हवेचा रस्ता धुऊन साफ केला, गाडी दारव्हा रोडवर पळवून आणली आणि मिशीला पीळ देत म्हणाले, “आता ही बंद पडली तं नाव बदलतो.” दुसऱ्याच दिवशी पोरींनी भरलेली गाडी चौकात वळताना पुन्हा बंद पडली.

पानठेल्यावर हशा पिकला. माझा मुलगा, म्हणजे कल्पनाचा नवरा, अरुण धावत गेला, कल्पनाला बाजूला सरकवून बसला आणि जोरात एक चक्कर मारून आला. गाडी काही बंद पडली नाही. झालं! गावाचा निकाल लागला. देवराव म्हणून आमचे शेजारी, त्यांच्या दोन मुली गाडीत होत्या. त्यांनी दोघींचे हात धरून त्यांना खाली उतरवलं. “उद्यापासून नको. वावरात सोयाबीन सोंगाले येतीन.”

धाकटीनं दप्तर पोटाशी धरलं होतं. कल्पनानं चावी काढली आणि अरुणच्या हातात दिली. घरी येऊन तिनं भाकरी थापल्या त्या अशा, की अख्ख्या आळीला ऐकू गेल्या.

निरोप मिळताच नसीरभाई स्कूटरवर आमच्या गावात आले. घरी नाही, थेट चौकात. गाडी तिथंच मागवली. म्हणाले, “ताई, तुमी बसा. जशा रोज वळवता तशाच वळवा.” आणि स्वतः शेजारी बसले. कल्पनानं सावकाश चाक फिरवलं. गाडी बंद. पानठेल्यावर कोणी खाकरलं.

“आता अरुणभाऊ, तू.”

अरुणनं ऐटीत फेरी मारली. गाडी ठणठणीत. पण नसीरभाई रस्त्याकडे पाहतच नव्हते. ते अरुणच्या पायाकडे पाहत होते.

“वळताना रेस काहून देतो बे?”

“सवय हाय.”

“पाय उचल. आता फिरव चाक.”

अरुणनं पाय उचलला, चाक शेवटपर्यंत फिरवलं आणि गाडी त्याच्या हातात बंद पडली. चौकात इतकी शांतता झाली की मला पानाला चुना लावल्याचा आवाज आला.

मग त्यांनी गाडी पुन्हा सुरू करायला लावली आणि बॉनेट उघडलं. पॉवर स्टिअरिंगचं तेल पाहिलं, ते बरोबर होतं. तेलाच्या नळीवर सुपारीएवढी एक वस्तू बसवलेली होती, तिच्यावरचा प्लग काढला आणि त्या प्लगच्या दोन टोकांत वायरचा तुकडा लावला. इंजिन आपोआप जोर धरून गुरगुरलं. वायर काढली की पुन्हा मंद.

“सापडलं! इंजिनाले ऐकू येते. सांगनाराच मुका हाय. दाबाचा सेन्सर गेला.”

मी म्हटलं, “भाई, मले समजंन असं सांगा.”

“माय, कापसाचं गाठोडं डोक्यावर देनारी काय म्हनते?”

“‘सोडते हो’ म्हनते.”

“अन् न म्हनता सोडलं तं?”

“मान मोडते!”

“तेच. चाक फिरवलं की स्टिअरिंगचं वजन इंजिनावर येते. हा सेन्सर त्याले आधी सांगते, ‘सोडतो हो, सांभाळ.’ मंग इंजिन जोर लावते. इथं कोनी सांगतच नाई, म्हून ते बसते. अरुणभाऊ रेस देते, तं रोग झाकून जाते. ताई पोरी घेऊन सावकाश वळवते, म्हून रोग दिसते.”

एवढं बोलून ते देवरावांकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “त्या दिवशी मी गाडी सरळ रोडवर पळवली, वळवून पाह्यलीच नाई. चूक मिस्त्रीची हाय. बाईची नाई.”

मिशीला पीळ देणाऱ्या माणसाला हे बोलणं जड जातं, हे मिशी नसलेल्या मलाही कळतं. नसीरभाईंना ते एका दमात जमलं.

नवा सेन्सर नागपूरहून यायचा होता. तोवर वळताना हलकी रेस द्यायची युक्ती त्यांनी कल्पनाला शिकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघताना देवराव दोन्ही मुलींची दप्तरं स्वतः खांद्यावर घेऊन आले. गाडीचं दार उघडलं आणि दप्तरं आत ठेवली. अरुणनं चावी कल्पनाला परत दिली. तिनं ती घेतली, पण आठवडाभर त्याला भाजीत मीठ मागून घ्यावं लागलं.

नसीरभाईंचा चहा पाकासारखा असतो. “आत्ता होते” म्हणाले की जेवून यावं. पण माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला यवतमाळला त्यांनीच नेलं आणि आणलं. परतताना एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, मला काही दिसत नव्हतं. प्रत्येक वळणाआधी ते म्हणायचे, “माय, आता डाव्या हाताले वळतो.” “माय, आता उजव्या.” मी वाकत गेले आणि कुठंही आपटले नाही. मधेच “माय, इथं मोर नाचून राह्यला” असंही सांगितलं. तो मोर खोटा होता, मला ठाऊक आहे. तरी मी तो पाहिला.

आता हे लिहून घेणारी कोण, तेही सांगून टाकते. ती देवरावांची धाकटी, दप्तर पोटाशी धरणारी. मी सांगते आहे आणि ती लिहिते आहे. हे वाक्य लिहीत नाही म्हणते. लिही गं, मी सांगते ना!

नसीरभाई, साठी झाली, आता पुढच्या वर्षांचं गाठोडं डोक्यावर यायचं आहे. ते भरगच्च असो, पण हलकं असो. गुडघे, डोळे, हात शाबूत असोत. आणि वरून देणारा जो कोणी असेल, तुमचा अल्ला म्हणा की माझा देव, त्यानं प्रत्येक वेळी आधी आवाज द्यावा, “नसीर, सोडतो हो, सांभाळ.”