व्याही, घराकडं लक्ष ठेवा!

आमच्या घरात चोरण्याजोगं काहीच नाही, तरी मी हॉलमध्ये कॅमेरा बसवला. ऐकणारा, बोलणारा आणि मान वळवणारा! (सिडकोतल्या आमच्या गल्लीत असा पहिलाच. मी तसं प्रत्येकाला सांगितलंही.) सुरक्षिततेच्या बाबतीत मी फार कडक. लेकीला, प्राजक्ताला, रोज बजावतो, "पासवर्ड सख्ख्या बापालाही सांगायचा नाही!" तिने तो मला खरंच सांगितलेला नाही, याचा मात्र राग येतो.

प्राजक्ताच्या लग्नाला पंधरा दिवस उरले होते. पिंपळगावचे व्याही, तात्या, आदल्या दिवशी सहकुटुंब जेवून गेलेले. सकाळी मी बनियनवर सोफ्यात बसून तोफ डागत होतो.

"माणूस आहे का कोण! नऊ पुरणपोळ्या खाल्ल्या! मी मोजत होतो!"

"आणि विहीणबाईंनी डबाभर बांधून नेल्या, ते?" सौ. म्हणाली.

"नऊ म्हणजे काय गं!"

"सात," भिंतीवरून आवाज आला.

मी सौ.कडे पाहिलं. सौ.ने कॅमेऱ्याकडे. कॅमेऱ्याने कुर्र करत मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सातच खाल्ल्या ओ व्याही. तुमचं मोजायला चुकलं." तात्या!

"आन् डबा ताईंनीच हातात दिला होता." विहीणबाईही होत्या!

प्राजक्ता आतून धावत आली. "बाबा! माझं लग्न मोडाल तुम्ही!"

पण मी पेटलो होतो. "दुसऱ्याच्या घरात चोरून बघता? लाज नाही वाटत?"

"चोरून कशाला? तिरुपतीला जाताना तुम्हीच माझ्या मोबाइलात जोडून दिलं. म्हणले, घराकडं लक्ष ठेवा."

"त्याला दोन महिने झाले!"

"मग बंद करा असं तुम्ही म्हणलेच नाय! आम्ही आपलं रोज इमानदारीत बघतोय. हिनं तर सिरियली सोडल्या!"

दोन महिने! म्हणजे माझे सूर्यनमस्कार (घालतो तीन, सांगतो बारा) अख्ख्या पिंपळगावला ठाऊक! प्राजक्ता रडायच्या बेतात होती. मी मुकाट्याने कॅमेऱ्यापुढे हात जोडले. "तात्या, चुकलं. माझ्या तोंडाची शिक्षा पोरीला नको."

तात्या खो खो हसले. "येडे का काय व्याही! पोरगी लय गुणाची, लग्न कशाला मोडतंय? आन् आम्ही तरी तुम्हाला कुठं सोडतो? रोज जेवताना तुमचाच विषय. फक्त आमच्याकडं कॅमेरा नाय!"

प्राजक्ताचा जीव भांड्यात पडला. माझं मात्र डोकंच फिरलं. आमचं सगळं उघड्यावर आणि यांचं झाकलेलं? हा कुठला न्याय! त्याच दुपारी जाऊन जावयाच्या आहेरासाठी कॅमेरा घेऊन आलो, आमच्यापेक्षा भारी.

सौ.ने खोका उलटसुलट करून पाहिला. "व्याही तुम्हाला काय नावं ठेवतात, एवढंच ऐकायचंय ना?"

"हो!"

"मग एवढा खर्च कशाला? मी फुकट सांगितलं असतं."