रत्नागिरी, आठ जेवणं आणि नानांचं ‘चव नाय’

लोक सहलीला निघताना आधी काय बघायचं ते ठरवतात आणि मग वाटेत मिळेल ते खातात. आम्ही उलटं केलं. आधी कुठे काय खायचं ते ठरवलं आणि दोन जेवणांच्या मधे वेळ उरला तर समुद्र बघू म्हटलं. रविवार ते मंगळवार, नाश्ते धरून आठ जेवणं. माझ्या वहीतल्या यादीला नानांनी चष्मा लावून एकदा पाहिलं आणि म्हणाले, “इतकं खायला मी काय लग्नाला चाललोय?”

नाना म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर. टेलिफोन खात्यात लाइनमन होते, सगळी नोकरी रत्नागिरी शहरात. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या सासूबाई, माई, गेल्या. माझे यजमान जहाजावर असतात. ते रजा टाकून आले, झाडगावातल्या भाड्याच्या दोन खोल्या रिकाम्या केल्या, नानांना आमच्याकडे सांगलीला आणून सोडलं आणि महिन्याभरात पुन्हा जहाजावर गेले. घरात उरलो मी आणि नाना.

आणि नाना जेवेनात. ताटावर बसायचे, ताटाकडे नजर टाकायचे आणि म्हणायचे, “चव नाय.” मी लिंबू चिरून द्यायचे, लोणच्याची बरणी पुढे सरकवायचे. ते मान हलवायचे, अर्धी पोळी खाऊन हात धुवायचे. पहिले दोन महिने मी म्हटलं, दुःख आहे, जाईल. मग डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, सगळं ठीक. या वयात, त्यात असं माणूस गेल्यावर, जिभेची चव जाते म्हणाले आणि गोळ्या दिल्या. सहा महिन्यांत वजन सात किलोंनी उतरलं, शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले.

खरं सांगायचं तर काळजीच्या जोडीला मला रागही यायचा. मी सांगलीची. भाजीत दाण्याचं कूट पडलं नाही तर ती भाजी कसली! अख्खी सोसायटी माझ्या भरल्या वांग्याचं नाव काढते, आणि हे रोज तोंडावर ‘चव नाय’ म्हणणार. फोनवर मी यजमानांना सांगितलं, “नानांना कशाचीच चव लागत नाही हो.” ते म्हणाले, “रत्नागिरीला ने त्यांना चार दिवस. तिथलं काहीतरी खातील.” तेवढ्यावर ही सहल ठरली. बाकी कुणाला रत्नागिरी बघायची असेल, मला फक्त नानांना पोटभर जेवताना बघायचं होतं.

रविवारी पहाटे सहाला निघालो. फेब्रुवारी अखेर, हवेत गारवा. गाडी मीच चालवते. कोल्हापूर टाळून मलकापूरच्या रस्त्याला लागलो, तिथे पोहे आणि चहा हे पहिलं जेवण. (नानांनी पोहे चमच्याने उकरून पाहिले, चार घास खाल्ले.) आंबा घाटात धुकं होतं, सावकाश जा. रस्ता रुंद करण्याचं काम चालू असल्याने साखरप्याच्या पुढे मधूनमधून वळणवाटा आहेत, तास-दीड तास जास्तीचा धरून चला. हातखंब्याला मुंबई-गोवा रस्ता ओलांडला आणि तोवर पेंगणारे नाना सावरून बसले.

“ह्या पट्ट्यात माझे खांब होते,” म्हणाले. “पावसात झाड पडलं की रात न् दिवस इथंच. आता सगळे काढले मेल्यांनी.”

मग शहर येईपर्यंत मी गाडी चालवत होते आणि ते नसलेले खांब मोजत होते.

मारुती मंदिरापाशी लॉज घेतलं. दोन खोल्या, स्वच्छ, गाडी लावायला जागा, एकेकीला रोजचे बाराशे. काउंटरवरच्या माणसाने वही उघडून नानांना विचारलं, “गाव?”

“रत्नागिरी.”

“तसं नव्हे काका, आलात कुठून?”

नाना माझ्याकडे बघायला लागले. मीच सांगली म्हणून सांगितलं. ज्या गावात घरोघरचे फोन या माणसाने वाजते ठेवले, तिथे लॉजच्या वहीत बाहेरगावचा म्हणून सही करायची पाळी आली. मला कसंतरीच झालं.

दुपारी मांडवीकडच्या एका खानावळीत सुरमईचं ताट. तळलेली तुकडी, कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, भात, सोलकढी, चारशेच्या आत. एकच्या आधी पोहोचा, नाहीतर बाकावर ताटकळावं लागतं. तुकडी अशी ताजी की मी घाटावरची असूनही काट्यांना घाबरले नाही. नानांनी एक भाकरी आणि अर्धी तुकडी खाल्ली, सोलकढी दोनदा मागून घेतली. सांगलीच्या मानाने पुष्कळ, पण पोटभर नव्हेच.

संध्याकाळी ते मला रामआळीत घेऊन गेले. पगाराच्या दिवशी ते माईंना इथल्या एका हॉटेलात डोसा खायला आणायचे. माईंना डोशाचं फार अप्रूप. लग्न होऊन मी आले तेव्हा त्यांनीच मला सांगितलं होतं, की डोसा संपेपर्यंत त्या नानांशी एक शब्द बोलायच्या नाहीत, गरम आहे तोवर खायचा म्हणून. यादीत तिसरं जेवण हेच धरलं होतं. पण हॉटेलच्या जागी आता तयार कपड्यांचं दुकान. नाना आत शिरले आणि मुलींच्या कुर्त्यांच्या रांगेमधे जाऊन उभे राहिले.

“काका, काय दाखवू?” दुकानातल्या मुलीने विचारलं.

“काय नको गो. आमची बसायची जागा बघतोय. इथं पंखा होता.”

त्या मुलीने काय समजायचं ते समजून एक स्टूल आणून ठेवलं. नाना बसले, दोन मिनिटांनी उठले, “थँक्यू बाय” म्हणाले. रात्री लॉजवर दूध-बिस्किटावर भागवलं. वहीतल्या त्या ओळीवर मी काट मारली आणि या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, असं वाटून मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार. नाना सोमवारी मासे खात नाहीत. सकाळी घावन आणि चटणी झाली (दोघांचे मिळून शंभर रुपये, घावन जाळीदार, नक्की खा) आणि दुपारी नाना म्हणाले, “चल, सुलभाकडे जाऊ. चालू असली तर.”

सुलभाताईंची खानावळ बाजाराच्या मागच्या आळीत, घराच्या पडवीतच. पाटी नाही, सहा टेबलं, ताट दीडशेला. साठीच्या बाई, कमरेला पदर खोचलेल्या. नानांना बघून दारातच थबकल्या.

“अरे देवा! लाइनमन तुम्ही? केवढे वाळलात हो! आणि वहिनी?”

नानांनी फक्त हात वर केला. सुलभाताई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या, “बसा. आधी जेवा.”

ताटं आली. लाल माठाची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ, आमटी, भात, पोळी, पापड. मी नानांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी ताटावर नजर टाकली आणि मला पाठ झालेले तेच शब्द काढले.

“चव नाय?”

म्हटलं, संपलं. दुसऱ्याच्या दारात, पहिला घासही न घेता! मी सुलभाताईंची माफी मागायला तोंड उघडणार, तोच त्या आतून ओरडल्या, “ठेवलाय हो! वाढायला विसरलंय. आणतंय.”

ठेवलाय? चव ‘ठेवली’ नाही, ‘ठेवलाय’?

त्या वाटी घेऊन आल्या. वाटीत पांढराशुभ्र, नुकता खवलेला ओला नारळ. नानांनी मूठभर घेतला, भाजीवर पसरला, उसळीवर पसरला, चिमूटभर आमटीतही टाकला. मग मान खाली घालून जेवायला लागले. मान वर केली ती दुसऱ्यांदा भात मागायला.

मी घास हातात धरून तशीच बसले. आता तुम्ही म्हणाल, बाई, एवढं ठाऊक नव्हतं? पाककृतीच्या पुस्तकात ‘ओल्या नारळाचा चव’ मीही वाचलाय हो. पण आमच्या घरात कुणी तसं बोलत नाही, आम्ही खोबरं म्हणतो, तेही बहुतेक सुकं. इथे लागते ती चव आणि घालतात तो चव. त्यात नाना बोलतात कोकणी हेल काढून, त्यांचं विचारणं कुठलं आणि सांगणं कुठलं हे मला लग्नाला वीस वर्षं होऊनही धड कळत नाही. ते आठ महिने रोज विचारत होते, “चव नाय?” आणि मी आठ महिने रोज ऐकत होते, की माझ्या जेवणाला चव नाही. नुसतं ‘चव नाही’ म्हटलं तर ‘तो’ की ‘ती’ ते मराठीत कळायचा मार्गच नाही.

मी हसायला लागले. हसता हसता डोळे वाहायला लागले. सुलभाताईंना वाटलं मिरची लागली, त्यांनी पाणी आणून दिलं. मी सगळं सांगितल्यावर त्या कपाळाला हात लावून तिथेच खाली बसल्या. “अगो, आणि ह्या बिचाऱ्यास तू गोळ्या चारल्यास?”

नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी शांतपणे ताक प्यायलं.

संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर बसलो होतो. होड्या परतत होत्या, भेळवाल्यांपाशी गर्दी होती. मी विचारलंच, “नाना, सरळ ओलं खोबरं हवंय म्हणायचं होतं की हो. एका शब्दाचं काम होतं.”

ते पाण्याकडे बघत म्हणाले, “विचारलं ना मी. तू लिंबू दिलंस. वाटलं, तुमच्यात चव घालत नसतील. एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मग नुसतं सवयीनं तोंडात यायचं. माईस तेवढं बोललं की कळायचं.” आणि मग म्हणाले, “पाव्हण्यानं किती मागावं गो?”

पाव्हणा! वजन उतरलं त्यापेक्षा हा शब्द मला जास्त लागला. मी गोळ्या वेळेवर देत होते, औषधांची पेटी भरत होते, शर्टांना इस्त्री करत होते आणि हा माणूस माझ्या घरात आठ महिने पाहुण्यासारखा अंग चोरून बसला होता. मला वाटत होतं ते मला नावं ठेवतायत. त्यांना वाटत होतं मागितलं तर जड होऊ.

मी म्हटलं, “नाना, ते घर तुमच्या मुलाचं आहे. माझंही आहे. तुम्ही पाहुणे नाही.”

“बरं,” म्हणाले. पण असं सांगून कुणाला पटतं का? ते ‘बरं’सुद्धा पाहुण्याचंच होतं.

मंगळवारी भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे गेलो. पाऊण तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना कलमांची मोहोरलेली झाडं. वाटेतल्या एका बागेतून नानांनी बारा नारळ निवडून घेतले, प्रत्येक कानाशी हलवून. सांगलीत काय नारळ मिळत नाहीत? पण मी गाडीची डिकी उघडून दिली. परतताना बाजारातून खवणी घेतली. दुपारी पुन्हा सुलभाताईंकडेच जेवलो, यादीतली उरलेली दोन नावं तशीच राहिली. निघताना त्यांनी माझ्या हातात आमसुलांची पुडी ठेवली आणि कानाशी येऊन म्हणाल्या, “माणूस आमचा आहे, नीट सांभाळ.” हातखंब्याला चहा घेतला आणि दिवस मावळायला घाट चढलो.

याला आता दीड महिना झाला. एका वाटीने नानांचं दुःख पळालं असं मी मुळीच म्हणणार नाही. माईंच्या फोटोसमोर ते अजून सकाळी बराच वेळ उभे असतात. पण दोन पोळ्या आणि भात जेवतात, वजन अडीच किलो वाढलंय. मी भाजीत कूट घालते, त्यावर ते चव घालतात, आणि दोन्ही मिळून काही वाईट लागत नाही. तुम्ही रत्नागिरीला गेलात तर सुरमई खा, घावन खा, पण एक जेवण सोमवारचं, साधं, कुणाच्या तरी पडवीत नक्की घ्या.

हे लिहायला बसण्याचं कारण मात्र परवाचं आहे. मी शाळेत शिकवते, पेपर तपासायच्या नादात मी कुकर जास्त वेळ ठेवला. ताट वाढलं. नानांनी भातात बोट घातलं आणि माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

“हा भात काय भात आहे? गिच्च गोळा झालाय! लक्ष कुठे असतं गो तुझं? बस झालं, उद्यापासून भात मी लावणार, तू हात लावायचा नाहीस.”

वीस वर्षांत सासऱ्यांनी पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली होती. मी स्वयंपाकघरात जाऊन जहाजावर फोन लावला आणि यजमानांना सांगितलं, “अहो ऐका ना, नाना मला ओरडले!” ते घाबरून विचारत होते काय झालं, काय झालं, आणि मी आनंदाने पुन्हा पुन्हा तेच सांगत होते.